रखमानिनोवचे उन्हाळे

काळी पाच | रविवार, रात्री १०:१४

मी पेटीवाला माणूस. साथ करतो, शिकवण्या घेतो, एका शाळेची समूहगीतं बसवून देतो आणि चाली बांधतो. खरं तर बांधायचो. मनासारखी चाल जमली त्याला चार वर्षं झाली. त्यामुळे गेले दोन महिने एका माणसाचं आयुष्य डोक्यातून जात नाहीये. इथे पाश्चात्त्य संगीत ऐकणारी आणि वाजवणारी मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

सर्गेई रखमानिनोव. जन्म १८७३, रशियातल्या नोव्गोरोद प्रांतात. मृत्यू १९४३, अमेरिकेत, सत्तरी गाठायला चार दिवस बाकी असताना. रचनाकार, कंडक्टर आणि पियानोवादक. या तिन्हींत तो पहिल्या रांगेत होता, आणि तिन्ही त्याला एकदम कधीच करता आलं नाही.

वडिलांनी इस्टेटी उडवल्या, घर मोडलं. बाराव्या वर्षी पोराला मॉस्कोला निकोलाय झ्वेरेव या पियानोच्या गुरूकडे धाडलं. गुरू शिष्यांना घरीच ठेवून घ्यायचा. सकाळी सहाला पहिल्या मुलाने पियानोवर बसायचं, आणि त्यात सबब चालायची नाही. तिथे तीन-चार वर्षं काढल्यावर सोळा वर्षांच्या रखमानिनोवने एक मागणी केली: मला रचना करायची आहे, त्यासाठी वेगळी खोली द्या. एका खोलीत सगळे पियानो घोटत असताना स्वर सुचणार कसे? गुरूला ते अजिबात रुचलं नाही. त्याच्या मते हा मुलगा पियानोसाठी जन्मला होता. बोलाचाली झाली आणि रखमानिनोव ते घर सोडून सातिन या नातेवाइकांकडे राहायला गेला.

पुढे १८९२ मध्ये 'अलेको' हा एकांकी ऑपेरा लिहून त्याने मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचं, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयाचं, मोठं सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा झ्वेरेवने जवळ बोलावून स्वतःचं सोन्याचं घड्याळ त्याच्या हातात ठेवलं. ते घड्याळ रखमानिनोवने जन्मभर जपलं. मला या माणसाची सगळी गोष्ट त्या खोलीच्या मागणीतच दिसते.

कंडक्टिंग त्याच्या वाट्याला आलं ते पडत्या काळात. १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याची पहिली सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, ग्लाझुनोव या रचनाकाराच्या हाताखाली वाजली आणि पार कोसळली. तालीम अपुरी होती. समीक्षक सेझार कुईने तर नरकात संगीतशाळा असती तर तिथे हिचं कौतुक झालं असतं, अशा अर्थाचं लिहिलं. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्याला मोठं काही लिहिता आलं नाही. त्याच काळात सावा मामोंतोव या धनिकाच्या खाजगी ऑपेरा कंपनीत त्याला दुय्यम कंडक्टरची नोकरी मिळाली. पोट भरलं, आणि शाल्यापिनसारखा गायक जन्माचा मित्र म्हणून मिळाला. पुढे १९०४ ते १९०६ असे दोन मोसम तो थेट मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरात कंडक्टर होता.

आणि मग १९१७. क्रांती झाली, तो बायको-मुलींसह डिसेंबरात रशियातून निघाला तो परत गेलाच नाही. तेव्हा वय ४४. हाताशी तीन विद्या, आणि त्यातली एक पोटासाठी निवडायची. त्याने पियानो निवडला.

आता ज्या आकड्यांनी माझी झोप उडवली ते सांगतो. १८९१ ते १९१७ या २६ वर्षांत त्याच्या ३९ ओपस (क्रमांक दिलेल्या रचना किंवा रचनासंच) आहेत. उरलेल्या २५ वर्षांत फक्त ६.

बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं की कार्यक्रमांनी रचनाकाराला खाल्लं. मला हे पुरतं पटत नाही, पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाहीये. जाणकारांनी लिहावं.

---

मुक्काम पोस्ट आंबोली | रविवार, रात्री ११:०२

छान सुरुवात. खोलीचा प्रसंग वाचून थांबलो थोडा वेळ.

माझी अगदी प्राथमिक शंका. पियानो वाजवणं कळतं, सुरावट लिहिणं कळतं. कंडक्टर नेमकं काय करतो? सगळ्यांसमोर नोटेशन असतं, सगळे तयारीचे असतात. मग हातवारे करणाऱ्या माणसाची एवढी थोरवी कशात? मनापासून विचारतोय.

---

व्हिओलाकरीण | सोमवार, पहाटे २:३०

@मुक्काम पोस्ट आंबोली, मी जर्मनीत राहते आणि इथल्या गावच्या हौशी वाद्यवृंदात व्हिओला (व्हायोलिनची थोडी मोठी, खर्जातली बहीण) वाजवते. त्यामुळे कंडक्टर समोरून कसा दिसतो एवढं सांगू शकते.

रखमानिनोवच्याच अनुभवाने सुरुवात करते. मामोंतोवकडची त्याची पहिलीच तालीम फसली. वाद्यवृंदाचं स्वरलेखन त्याला तोंडपाठ होतं. पण गायकाने कधी उचलायचं याची खूण आधी द्यावी लागते, हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, गायकांना आपापली जागा कळतच असेल. त्यांना ती कळत नसते. ते नाटकात असतात, समोरच्याशी भांडत असतात, पायऱ्या चढत असतात. मग दुसऱ्या कंडक्टरच्या तालमीला बसून त्याने ते पाहून घेतलं, आणि त्यानंतर त्याचं बस्तान बसलं. म्हणजे पहिली गोष्ट: आपला हात स्वराच्या आधी हलतो. समेवर हात आला तर उशीर झाला.

दुसरं उदाहरण आमच्या तालमीतलं. रखमानिनोवचं 'आयल ऑफ द डेड' आम्ही वाजवलं. १९०९ चं काम, बक्लिन नावाच्या चित्रकाराच्या चित्रावरून सुचलेलं. मृतांच्या बेटाकडे जाणारी होडी. सुरुवात पाचाच्या चालीत आहे. कधी दोन-तीन, कधी तीन-दोन. मी पुण्यात लहानपणी थोडा तबला शिकले होते, त्यामुळे मनात झपतालाचा अर्धा आवर्तन धरून बसले, धी ना धी धी ना. दोन-तीन असेपर्यंत छान चाललं. मध्येच तो तीन-दोन झाला आणि मी एकटी पाण्यात पडले. कंडक्टरने थांबवून आम्हाला काहीही समजावलं नाही. फक्त पुढच्या खेपेला वल्हं मारल्यासारखा हात जड केला, आणि सगळ्या व्हिओला बरोबर त्या झोक्यात बसल्या. ऐंशी माणसांचा श्वास एक करायचा, तोही तोंडाने न बोलता. कंडक्टरचं काम ते.

आणि बोल्शोयबद्दल. पूर्वी तिथे कंडक्टर अगदी रंगमंचाला चिकटून उभा राहायचा, तोंड गायकांकडे आणि वाद्यवृंद पाठीमागे. रखमानिनोवने जागा बदलली. वाद्यवृंद आपल्या आणि मंचाच्या मध्ये घेतला, म्हणजे वादक आणि गायक दोघेही एका नजरेत. आज हे इतकं सरसकट झालंय की कुणाला तरी आधी सुचावं लागलं असेल हे लक्षातही येत नाही. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्या जुन्या थिएटरात, मुरलेल्या वादकांपुढे हा बदल करायला छाती लागते.

---

मुक्काम पोस्ट आंबोली | सोमवार, सकाळी ७:४५

"आपला हात स्वराच्या आधी हलतो." समजलं. मनापासून आभार.

---

तिसरी घंटा | सोमवार, सकाळी ९:२०

काळी पाच, तुमच्या आकड्यांचं उत्तर माझ्या मते वेळेत शोधू नका. तो परागंदा झाला, तिथे शोधा. त्याचा मित्र, रचनाकार मेट्नर याने लिहीत का नाहीस म्हणून विचारलं, तेव्हा रखमानिनोवचं उत्तर असं होतं की किती वर्षांत राय धान्याच्या शेतातली सळसळ कानावर आली नाही, बर्च झाडांचा आवाज ऐकला नाही, मग लिहू कुठून? हा माणूस मुलूख गमावून बसला होता. इवानोव्हका ही सातिन कुटुंबाची जमीन, तांबोव प्रांतातली. त्याचं बहुतेक चांगलं काम तिथलं. ते गेलं, भाषा गेली, चर्चच्या घंटा गेल्या. अशा माणसाला मोकळा वेळ देऊन काय होणार होतं?

माझे आजोबा कराचीहून मुंबईत आले तेव्हा ऐन तिशीत होते. तिकडे सुंदर चित्रं काढायचे म्हणे. इथे आल्यावर त्यांनी ब्रश हातात धरलेला आमच्या घरात कोणी पाहिला नाही. वेळ होता त्यांच्याकडे, पुष्कळ होता.

---

काळी पाच | सोमवार, दुपारी १:१०

तिसरी घंटा, आजोबांबद्दल वाचून गलबललं. मुलूख सुटल्याचा घाव खराच, त्याबद्दल वाद नाही.

पण काल रात्री मी एक उद्योग केला. त्या सहा ओपसांपुढे त्या कुठे आणि कधी लिहिल्या ते मांडलं.

चौथा कन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंद मिळून वाजवायची रचना) १९२६ चा. त्या वर्षी त्याने कार्यक्रमांतून मुद्दाम सुट्टी घेतली होती. 'तीन रशियन गीतं' त्याच वर्षीची. कोरेल्ली व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच सुरावटीची पियानोवरची वेगवेगळी रूपं, १९३१ च्या उन्हाळ्यात, फ्रान्समध्ये भाड्याने घेतलेल्या घरी. मग त्याने स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठी स्वतःचं घर बांधलं, नाव सेनार: सर्गेई, बायको नतालिया आणि आडनावातला र. तिथे १९३४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पागानिनी रॅप्सडी लिहिली, सात आठवड्यांत. तिसरी सिंफनी त्याच घरात, पुढच्या दोन उन्हाळ्यांत. शेवटचे सिंफनिक डान्सेस १९४० च्या उन्हाळ्यात, न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर.

एकूण एक उन्हाळे आणि सुट्ट्या! आणि रशियातसुद्धा हेच होतं. हिवाळाभर कार्यक्रम, उन्हाळा आला की इवानोव्हका. तिसरा कन्चेर्टो १९०९ च्या उन्हाळ्यात तिथेच पुरा झाला. तो इतका ऐनवेळी झाला की अमेरिकेला जाताना त्याने जहाजावर आवाज न करणाऱ्या पट्ट्यांच्या खोक्यावर तो घोटला, आणि २८ नोव्हेंबरला न्यू यॉर्कमध्ये वाजवला.

म्हणून आता मला असं वाटतंय: पियानोने रचनाकाराला खाल्लं नाही. हिवाळा पियानोचाच होता, पूर्वीही. १९१७ मध्ये त्याचे उन्हाळे गेले. सेनार बांधून त्याने ते परत मिळवले, आणि मिळवल्यावर तो लिहू लागला. बर्च झाडं तिथेही रशियातली नव्हतीच ना?

---

वाचनवेडी | सोमवार, दुपारी २:०५

वाचनखूण साठवली. 'सेनार'चा अर्थ माहीत नव्हता.

---

संधिप्रकाश | सोमवार, रात्री ९:४०

उन्हाळ्यांचा मुद्दा आवडला, पण एक गाठ राहते. ड्रेस्डेन. बोल्शोय सोडल्यावर १९०६ पासून तीन हिवाळे तो कुटुंब घेऊन ड्रेस्डेनला जाऊन राहिला. तिथे दुसरी सिंफनी लिहिली, पहिला पियानो सोनाटा लिहिला. ते हिवाळ्यातलं काम आहे.

त्यामुळे 'उन्हाळा' हा शब्द ऋतू म्हणून न घेता, दुसरं काम ठरवून बंद ठेवलेला काळ, असा घ्यावा लागेल. मॉस्कोत तो लोकांना माहीत होता, कामं चालून यायची. ड्रेस्डेनला दार वाजवायला कुणी नव्हतं.

अशी वाटणी करणारा तो एकटा नव्हता. गुस्ताव माहलर १८९७ पासून दहा वर्षं व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा संचालक होता. एवढ्या कामात त्याने सिंफन्या लिहिल्या कधी, तर उन्हाळ्यात. व्हिएन्नाच्या आधी श्टाइनबाखला, व्हिएन्नाच्या वर्षांत मायरनिगला, त्यानंतर टोबलाखला. प्रत्येक ठिकाणी त्याने राहत्या घरापासून दूर एक झोपडी करून घेतली होती. एक टेबल, एक पियानो, आणि तो आत असताना कुणी फिरकायचं नाही. ऑपेराचा मोसम सुरू झाला की पुन्हा कंडक्टर.

आणि गंमत बघा, हे दोघे एका मंचावर आले. १६ जानेवारी १९१०, कार्नेगी हॉल. तिसऱ्या कन्चेर्टोचा न्यू यॉर्कमधला नंतरचा एक प्रयोग, पियानोवर रखमानिनोव, कंडक्टर माहलर. माहलरने तालमीत वाद्यवृंदाच्या भागातला बारीकसारीक तपशील पुन्हा पुन्हा घासून घेतला, वेळ उलटून गेली तरी एकही वादक हलला नाही, असं रखमानिनोवने नंतर सांगितलंय. साथीकडे इतकं लक्ष देणारा कंडक्टर त्याला त्या आधी क्वचितच भेटला असावा. दोन उन्हाळी रचनाकार, भर जानेवारीत.

---

काळी पाच | सोमवार, रात्री १०:२५

ड्रेस्डेन माझ्या हातून निसटलं होतं. मान्य. दुसरं काम ठरवून बंद ठेवलेला काळ. हेच म्हणायचं होतं मला, फक्त शब्द सापडत नव्हता.

---

लिंबाची फोड | मंगळवार, सकाळी ११:००

मी पियानो शिकवते. माझा हात लहान, जेमतेम आठ पट्ट्या. रखमानिनोवचा पंजा बारा-तेरा पांढऱ्या पट्ट्यांवर पसरायचा असं सांगतात. दुसऱ्या कन्चेर्टोची सुरुवात सगळ्यांना माहीत असेल. एकट्या पियानोचे आठ स्वरसंघ, घंटेसारखे, अगदी हळू आवाजापासून वाढत जाणारे. माझ्यासारख्यांना ते एकदम दाबताच येत नाहीत. खालचा स्वर आधी, बाकीचे मागून, असे मोडून वाजवावे लागतात. पंधरा वर्षं मी याचं वाईट वाटून घेतलं. मग एकदा मुंबईत एनसीपीएला हा कन्चेर्टो प्रत्यक्ष ऐकला. वाजवणारीचे हात माझ्याएवढेच होते. तिने खालचा स्वर किंचित आधी सोडला, आणि घंटेचा टोल आधी पडावा आणि मग तिची गुंजन भरावी तसं ते ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी घरी पियानोवर बसले ती दुपारी उठले.

वादक आणि रचनाकार एकाच देहात असले की काय होतं याचं एक उदाहरण देते. मेट्नरला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की कोरेल्ली व्हेरिएशन्स आपण एकदाही पूर्ण वाजवलेल्या नाहीत. वीस व्हेरिएशन्स आहेत. प्रेक्षकांत खोकला वाढला की तो पुढचं व्हेरिएशन गाळायचा. खोकला नसेल तर क्रमाने. एका लहानशा गावात एवढं खोकले की वीसपैकी दहाच वाजली. उत्तम आकडा न्यू यॉर्कचा, अठरा.

मला हे वाचून रडू आलं होतं. स्वतः लिहिलेलं, स्वतःच वाजवतोय, आणि कुणी घसा खाकरला की आपल्याच ओळी गाळतोय. दुसऱ्या कोणा रचनाकाराचं काम असतं तर या वादकाने त्यातलं एक अक्षर तरी गाळलं असतं का?

---

तिसरी घंटा | मंगळवार, सकाळी ११:३०

लिंबाची फोड, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्या पहिल्या सिंफनीची जखम पस्तीस वर्षांनीसुद्धा ओलीच होती असं दिसतं.

---

मांडवीकर | मंगळवार, दुपारी ४:१५

थोडं अवांतर होईल. आमच्या गोव्याच्या मंगेशीचे अभिषेकीबुवा डोळ्यांपुढे येतात. मैफलीचे गायक, 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार'सारख्या नाटकांचे संगीतकार, आणि लोणावळ्याला शिष्यांना घरात ठेवून शिकवणारे गुरू. बुवांचं तिन्ही एकमेकांत मिसळून चालायचं. शिकवताना चाल सुचावी, चालीतून मैफलीत काही यावं. मग पाश्चात्त्य माणसाला असं वाटण्या करून का जगावं लागतं?

---

संधिप्रकाश | मंगळवार, सायंकाळी ६:५०

मांडवीकर, प्रश्न मोलाचा आहे. मला वाटतं कामाच्या जातीत फरक आहे. आपल्याकडे गाणारा गातानाच रचतो. बंदीश चार ओळींची, बाकीचा पाऊण तास तो तिथे बसून घडवतो. त्यामुळे मैफल हीच त्याची रचनेची जागा.

सिंफनी लिहिणाऱ्याला मंचावर रचता येत नाही. दुसरी सिंफनी साधारण तासाभराची आहे. त्यातल्या प्रत्येक क्षणी प्रत्येक वाद्याने काय करायचं हे आधी कागदावर उतरलेलं लागतं. बासरी काय करतेय, तिसरा हॉर्न गप्प आहे की नाही, व्हिओला किती जोरात, सगळं. महिनेच्या महिने टेबलाशी बसून ओढायची रेघ आहे ती. संध्याकाळी कार्यक्रम असेल तर सकाळी ती ओढता येत नाही.

---

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ९:१५

सगळे प्रतिसाद वाचले. पैशाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. मी लेखापाल आहे, माझं लक्ष तिकडे जातंच.

एकोणिसाव्या वर्षी त्याने सी शार्प मायनरमधला प्रील्यूड, पियानोचा एक छोटा तुकडा, लिहिला. जगभर गाजला. जाईल तिथे लोक शेवटी तोच मागायचे, आणि तो वाजवल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. तो ज्या संचात छापला त्यात पाच तुकडे होते, सगळ्यांचे मिळून प्रकाशकाकडून मिळाले २०० रूबल. म्हणजे त्या प्रील्यूडचे ४०. पुढे जगात त्याच्या किती प्रती खपल्या असतील, पण रशिया आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात नव्हता, त्यामुळे बाहेर छापणारे त्याला एक पैसा देणं लागत नव्हते. ज्याच्या सर्वांत लोकप्रिय रचनेने त्याला ४० रूबल दिले, तो माणूस रचनेवर घर कसं चालवणार?

आता १९१८ चा ताळेबंद. तो स्कँडिनेव्हियात आहे, हातात फारसं काही नाही, दोन मुली. अमेरिकेतून कंडक्टरपदाची दोन बोलावणी आली, सिनसिनाटी आणि बॉस्टन. बॉस्टनच्या कामात ३० आठवड्यांत ११० कार्यक्रम होते. प्रत्येक कार्यक्रमाला नव्या नव्या सिंफन्या बसवायच्या. त्याच्याजवळ कंडक्टर म्हणून तेवढा साठा तयार नव्हता. त्याने दोन्ही नाकारली.

पियानोचाही साठा तयार नव्हता, हे लक्षात घ्या. तोवर तो मुख्यतः स्वतःच्याच रचना वाजवायचा. १९१५ मध्ये मित्र, रचनाकार स्क्र्याबिन वारला, तेव्हा त्याच्या कुटुंबासाठी म्हणून त्याने स्क्र्याबिनच्या रचनांचे कार्यक्रम केले, तो एक ठळक अपवाद. म्हणजे वयाच्या ४५ व्या वर्षी हा माणूस शोपँ, शूमान, लिस्ट, बेथोव्हेन असा पट्टीच्या वादकाचा सगळा साठा नव्याने बसवायला बसला. १० नोव्हेंबर १९१८ ला न्यू यॉर्कला उतरला. दुसऱ्या दिवशी महायुद्ध थांबलं. आणि काही वर्षांत तो जगातल्या सर्वांत मागणी असलेल्या वादकांपैकी एक झाला.

माझ्या हिशेबाने निर्णय शहाणपणाचा होता. वाद्यवृंदाची नोकरी म्हणजे वर्षभराचं बांधलेपण. एकट्याचे कार्यक्रम म्हणजे मोसम आपण ठरवायचा. 'उन्हाळा' परत मिळायचा असेल तर याच दाराने मिळणार होता. आणि मिळवलेला पैसा त्याने धरून ठेवला नाही. रशियात अडकलेल्या संगीतकारांना मदत पाठवत राहिला. १९२३ मध्ये सिकोर्स्की या परागंदा रशियन अभियंत्याचा विमान कारखाना बुडत होता, तेव्हा ५,००० डॉलर दिले.

---

काळी पाच | मंगळवार, रात्री ११:३०

हिशेबनीस, तुमच्या प्रतिसादानंतर मी वही काढून बसलो. आठवड्याला बावीस शिकवण्या, शनिवार-रविवार साथ, मे महिन्यात सुट्टीचं शिबिर. पूर्वी मे महिना मोकळा असायचा. शिबिर सुरू केलं त्याला पाच वर्षं झाली. शेवटची चाल त्यानंतरच्या दिवाळीत झाली होती, तीही शिबिराच्या आधीच्या, शेवटच्या मोकळ्या मे महिन्यात सुचलेली. हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

कंडक्टर रखमानिनोवबद्दल अजून कुणी लिहील का? १९१८ नंतर तो हात कायमचा खाली गेला?

---

व्हिओलाकरीण | बुधवार, पहाटे १:५०

कायमचा नाही, पण फार थोडा वर आला. सुदैवाने त्याच्या ध्वनिमुद्रिका आहेत. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा घेऊन १९२९ मध्ये 'आयल ऑफ द डेड' आणि १९३९ मध्ये तिसरी सिंफनी त्याने स्वतः कंडक्ट केली. त्या ऐका. त्याच्या संगीताला लोक जो पाक चढवतात, तो त्याच्या स्वतःच्या हातात मुळीच नाही. चाल पुढे सरकत राहते. जिथे बाकीचे थांबून उसासे टाकतात, तिथे तो सरळ निघून जातो. आणि नेमक्या एका जागी, फक्त एका, थोडा रेंगाळतो. त्याचं म्हणणं असायचं की प्रत्येक रचनेला एकच सर्वोच्च बिंदू असतो आणि सगळी मापं त्याच्याकडे नेणारी हवीत. कंडक्ट करताना ते स्पष्ट ऐकू येतं.

आता ज्यासाठी जागी राहिले ते सांगते. १९४० चे सिंफनिक डान्सेस, त्याचं शेवटचं काम. गेल्या हिवाळ्यात आम्ही वाजवलं. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी, सगळी दमदार पावलं थांबल्यावर, तंतुवाद्यांत एक नवीन सुरावट येते. रुंद, शांत, मेजरमध्ये. वर पियानो, हार्प आणि ग्लॉकेनश्पीलची बारीक चमचम. या भागात ती आधी कुठेच आलेली नसते. मी पहिल्या तालमीत शेजारणीला विचारलं, ही कुठून आली?

ती पहिल्या सिंफनीतली आहे. १८९७ ची, कोसळलेली. तिथे ती उग्र आहे, मायनरमध्ये, धमकावल्यासारखी.

आणि हे लक्षात घ्या: १९४१ च्या जानेवारीत कंडक्टर ऑर्मांडीने हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा त्या सभागृहात ही ओळख कुणालाही पटणं शक्य नव्हतं. ती सिंफनी त्या एका संध्याकाळीनंतर पुन्हा वाजलीच नव्हती. त्याने ती छापू दिली नव्हती. संहिता रशियात मागे राहून हरवली. वादकांच्या सुट्या प्रती लेनिनग्राडमध्ये सापडल्या त्या तो गेल्यावर, आणि १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत ती दुसऱ्यांदा वाजली. म्हणजे ती सुरावट त्याने फक्त स्वतःसाठी लिहिली होती. हस्तलिखिताच्या शेवटी देवाचे आभार मानणारी ओळ आहे.

आमच्या व्हिओलांकडे त्या जागी मूळ सुरावटीचा भाग आहे. मी ती वाजवताना दर वेळी नजर नोटेशनवरून वर घेते. तिथे पाहायची गरज लागत नाही.

---

लिंबाची फोड | बुधवार, सकाळी ८:१०

व्हिओलाकरीण, तुम्हाला काय म्हणू. आज पहिली शिकवणी दहाला आहे, तोवर हेच ऐकते.

---

तिसरी घंटा | बुधवार, सकाळी ९:००

मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. मुलूख गेला, पण त्या सुरावटीसारखं काहीतरी त्याने बरोबर आणलं होतं. आजोबांच्या ट्रंकेत एक रंगांची पेटी होती. वाळलेली. टाकली मात्र त्यांनी कधीच नाही.

---

काळी पाच | बुधवार, रात्री १०:४०

आज साथ नव्हती. आधी पहिली सिंफनी ऐकली, मग डान्सेसचा पहिला भाग. व्हिओलाकरीण, सांगितलं नसतं तर मला ती ओळखू आली नसती. मग पेटी काढली आणि दोन्ही जागा बसवून पाहिल्या. तिकडे कोमल गंधाराचा अंमल, इकडे शुद्ध. त्या एका पट्टीवरून बोट सरकवत बराच वेळ बसलो होतो. बायको पाणी घेऊन आली, दारात थांबून ऐकलं, आणि म्हणाली, ही तुमची नवीन चाल का?

यंदाचं शिबिर रद्द केल्याचं आत्ताच पालकांच्या ग्रुपवर कळवलं. १ ते ३१ मे.